हरलेल्या संघाला पुढचं वर्ष राहू द्या

कार्मेल, इंडियाना
26 जून 2025

प्रति,
मा. चार्ली बेकर, अध्यक्ष,
आणि डिव्हिजन वन या सगळ्यांत वरच्या श्रेणीचे संचालक मंडळ,
एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था), इंडियानापोलिस

स. न. वि. वि.

28 मार्चच्या रात्री ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये मी, माझी बायको आणि आमची लेक असे तिघं बसलो होतो. तुमच्या पुरुषांच्या राष्ट्रीय कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत आमचं इंडियानातलं पर्ड्यू विद्यापीठ विरुद्ध ह्यूस्टन, सोळा संघांची फेरी. तुमच्या कार्यालयातून निघालं तर अर्ध्या तासाच्या आत पायी पोहोचता येईल असं ते ठिकाण. सामना संपायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ असताना कॅमडन हायडीने कोपऱ्यातून तीन गुणांची फेक टाकली आणि 60-60 झालं. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली. मग ह्यूस्टनच्या मिलोस उझानने सीमेबाहेरून चेंडू आत दिला, तो लगेच परत घेतला आणि एक सेकंदसुद्धा उरलेला नसताना बास्केटमध्ये सोडला. 62-60. हाता-तोंडाशी आलेला घास गेला.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. पर्ड्यूच्या माणसाला ती सवय आहे. तक्रार वेगळी आहे. हा सामना झाला शुक्रवारी, आणि तुमचं ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी) उघडलं होतं त्याच आठवड्याच्या सोमवारी, 24 मार्चला. म्हणजे सोळा संघ अजून मैदानात असताना, पोरं ह्यूस्टनच्या बचावाची चित्रफीत बघत असताना, देशभर पुढच्या हंगामाचे सौदे सुरू झाले होते. आमचा संघ हरला तोवर बाजार चार दिवस भरलेला होता. नंतर हायडी गेला, माइल्स कोल्विनही गेला. त्या दोघांवर माझा राग नाही, जिथे जातील तिथे त्यांचं भलं होवो. पण ज्याच्या फेकीने आम्ही खुर्चीवरून उठलो त्याला पुढच्या नोव्हेंबरात पर्ड्यूच्या मॅकी अरेनामध्ये बघायचं होतं, ही इच्छा काही वावगी म्हणता येणार नाही.

हे पत्र मराठीत लिहिण्याचं कारण सांगतो. इंग्रजी पत्र तुमच्या पत्त्यावर वेगळं पाठवलं आहेच. पण पर्ड्यूला शिकायला आलेल्या, इंडियानात स्थायिक झालेल्या आणि क्रिकेटइतकंच या खेळावर जीव लावलेल्या मराठी घरांची इथे कमतरता नाही. त्यांनीही हे वाचावं, पटलं तर तुम्हाला लिहावं, म्हणून हे खुलं पत्र.

मी पुण्याहून पर्ड्यूला आलो ऑगस्ट 2004 मध्ये. शाळेत असताना मी थोडंफार बास्केटबॉल खेळलो होतो, तेवढ्या भांडवलावर विद्यार्थ्यांच्या तिकिटावर मॅकीत जाऊन बसलो. जीन केडी यांचं पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीतलं ते शेवटचं वर्ष. संघ 7 सामने जिंकला आणि 21 हरला. पुढच्या वर्षी केडींचाच जुना खेळाडू मॅट पेंटर प्रशिक्षक झाला, तेव्हा 9 जिंकले, 19 हरले. मी माझी दोन्ही वर्षं अशीच पाहिली. तरी तो गोल छपराखालचा आवाज कानातून गेला नाही. बॉयलरमेकर हे संघाचं नाव ऐकून घरच्यांना वाटायचं, पोरगा साखर कारखान्यातल्या बॉयलरबद्दल बोलतोय. बॉयलर आणि रेल्वेचं इंजिन हेच त्या संघाचं चिन्ह आहे, हे समजावून सांगायला मला तेव्हा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

मग 2007 मध्ये रॉबी हमल, इट्वॉन मूर आणि जाजुआन जॉन्सन ही इंडियानाचीच पोरं एकत्र आली. मला बेकर साहेब, तुम्हाला हमलबद्दल थोडं सविस्तर सांगायचं आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये पर्ड्यू देशात तिसऱ्या क्रमांकावर होता आणि त्या वर्षीची अंतिम फेरी इथेच, इंडियानापोलिसला होती. मिनेसोटातल्या सामन्यात हमलच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. सात-आठ महिने मेहनत करून तो उभा राहिला आणि ऑक्टोबरमध्ये सरावात तोच गुडघा पुन्हा गेला. मूर आणि जॉन्सन त्यांचं चौथं वर्ष खेळून पुढे गेले. हमल थांबला, पाचव्या वर्षी परत आला आणि मार्च 2012 मध्ये कॅन्ससविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याने 26 गुण केले. आम्ही 63-60 असे हरलो. त्याच्या हातात राष्ट्रीय विजेतेपदाचा चषक कधी आला नाही. पण मॅकीत आजही त्याचं नाव निघालं की माझ्या वयाची माणसं क्षणभर गप्प होतात. पाच वर्षं एक मुलगा आमच्या डोळ्यांदेखत मोठा झाला होता. त्याला नुसत्या गुणांसाठी आम्ही ओळखत नव्हतो.

आमच्या घरात दुसराही संघ आहे. बायकोचं शिक्षण शार्लट्सव्हिलच्या व्हर्जिनिया विद्यापीठातलं, त्यामुळे ती व्हर्जिनियाची. 16 मार्च 2018 च्या रात्रीचा विषय आमच्या घरात अजून कोणी काढत नाही. या स्पर्धेत चार विभाग असतात आणि प्रत्येकात संघांना एक ते सोळा अशी मानांकनं मिळतात, पहिलं सगळ्यांत वरचं. स्पर्धेत सगळ्यांत वरचं मानांकन असलेला व्हर्जिनिया सोळावं मानांकन असलेल्या यूएमबीसी या मेरिलँडच्या विद्यापीठाकडून 74-54 असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं तोवर कधीच झालं नव्हतं. डिआंड्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर होता, हे कारण सांगता आलं असतं. कुणी सांगितलं नाही. काइल गाय या मुलाने तर (तो मूळचा आमच्या इंडियानापोलिसचाच) पराभवानंतर गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला स्वतःचाच फोटो समाजमाध्यमावरच्या आपल्या खात्याला लावला. वर्षभर तो फोटो रोज बघायचा आणि सरावाला जायचं.

पुढच्या वर्षी हंटर, गाय आणि टाय जेरोम हे तिघंही परत आले. 30 मार्च 2019 ला लुइव्हिलमध्ये ते नेमके आमच्यासमोर उभे राहिले, आणि आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या दोन टोकांना दोन संघ बसले. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने तीन गुणांच्या दहा फेका टाकल्या, 42 गुण केले. सहा सेकंद उरले असताना जेरोमचा दुसरा फ्री थ्रो चुकला, चेंडू उडून पार मागच्या अर्ध्यात गेला. किहेई क्लार्कने धावत जाऊन तो उचलला आणि जवळजवळ अर्ध्या मैदानापलीकडे मामादी दियाकितेकडे फेकला. दियाकितेने टाकलेला चेंडू हवेत असताना घड्याळ संपलं. 70-70. जादा वेळेत व्हर्जिनिया 80-75 ने जिंकला. त्यानंतर ऑबर्नला एका गुणाने आणि टेक्सस टेकला जादा वेळेत हरवून विजेताही झाला. बायको त्या रात्री रडली. आधीच्या मार्चमध्येही रडली होती. दोन्ही वेळा समोर मुलं जवळपास तीच होती, म्हणून दुसऱ्या रडण्याला अर्थ होता.

आमची पाळी आली 17 मार्च 2023 ला. पहिलं मानांकन असलेला पर्ड्यू फेअरले डिकिन्सनकडून 63-58 असा हरला. आमच्याकडे 7 फूट 4 इंचांचा झॅक ईडी, देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि त्यांचा संघ डिव्हिजन वनमधला सगळ्यांत कमी उंचीचा. आदल्या वर्षी त्यांनी फक्त चार सामने जिंकले होते. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाकडून हरलेले पहिल्या मानांकनाचे संघ आजवर दोनच आहेत, आणि ते दोन्ही आमच्या घरात आहेत. त्याच्या आधल्या वर्षी आम्ही पंधरावं मानांकन असलेल्या सेंट पीटर्सकडून हरलो होतो, त्याच्या आधी तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससकडून. सलग तीन वर्षं.

ईडी तेव्हा सहज जाऊ शकला असता. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर पहिल्या वर्षाला होते. पहिल्याच वर्षी एवढी नाचक्की झाल्यावर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने दुसरं दार शोधलं असतं तर कोण काय बोलणार होतं? ते परत आले. 2024 मध्ये डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीने 40 गुण आणि 16 रिबाउंड घेतले आणि 1980 नंतर पहिल्यांदा पर्ड्यू शेवटच्या चारांत पोहोचला. अंतिम सामना होता 8 एप्रिलला. त्याच दिवशी दुपारी तीननंतर इंडियानापोलिसवर खग्रास सूर्यग्रहण झालं. आम्ही अंगणात उभे होतो, भरदुपारी तीनेक मिनिटं काळोख, पाखरं झाडात शिरली, आणि शेजारी काळा-सोनेरी सदरा घालून उभी असलेली माझी लेक म्हणाली, "बाबा, आज काहीही होऊ शकतं." रात्री कनेक्टिकटने आम्हाला 75-60 असं हरवलं. ईडीने 37 गुण केले, तरी ते आमच्यापेक्षा चांगले खेळले यात वाद नाही. पण त्या रात्री झोपायला जाताना मनात कडवटपणा नव्हता. एक वर्ष आधी जे हरले होते तेच तिथवर आले होते, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही.

माझं म्हणणं एवढ्यातच आहे. या खेळातली सगळ्यांत मोठी गोष्ट स्पर्धा जिंकण्यात नाही, हरलेल्या संघाला मिळणाऱ्या पुढच्या वर्षात आहे. व्यावसायिक खेळात ते तसं नसतं, आणि असायची गरजही नाही. गेल्याच रविवारी आमचा व्यावसायिक एनबीए संघ पेसर्स अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरला, सगळं शहर हळहळलं, पण तिथे करार असतात, मुदती असतात, कोण किती वर्षांसाठी आपला आहे हे सगळ्यांना माहीत असतं. कॉलेजच्या खेळात आज व्यावसायिक खेळाचा पैसा आला आहे आणि व्यावसायिक खेळाची शिस्त मात्र आलेली नाही.

पैशाबद्दल गैरसमज नको. सीबीएस आणि टर्नरकडून तुम्हाला या स्पर्धेच्या प्रक्षेपणापोटी आठ वर्षांचे 8.8 अब्ज डॉलर मिळतात, आणि ज्यांच्या घामावर हे उभं आहे त्या मुलांना 2021 पर्यंत स्वतःच्या नावावर एक डॉलर कमावता येत नव्हता. तो अन्याय होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी तुमच्याविरुद्ध 9-0 असा निकाल दिला, तो योग्यच होता. येत्या 1 जुलैपासून विद्यापीठांना थेट खेळाडूंना पहिल्या वर्षी 20.5 दशलक्ष डॉलरपर्यंत वाटून देता येणार आहेत, त्याचंही मी स्वागत करतो. पोरांचे पैसे काढून घ्या असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन.

बदली करण्याच्या हक्कालाही माझा विरोध नाही. पूर्वी संघ बदलला की वर्षभर बाहेर बसावं लागायचं, आणि प्रशिक्षक मात्र केव्हाही सोडून जायला मोकळा. फेअरले डिकिन्सनने आम्हाला हरवल्यावर आठवडाही उलटला नाही तोवर त्यांचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन आयोनाला गेले. सेंट पीटर्सचे शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. जे त्यांना चालतं ते मुलांना का नको? शिवाय 2024 च्या आमच्या वाटचालीत लान्स जोन्सचा मोठा वाटा होता, आणि तो सदर्न इलिनॉयहून एकाच वर्षासाठी आलेला होता. ज्याने आमची झोप उडवली तो फेअरले डिकिन्सनचा साडेपाच फुटांच्या जरासा वरचा डिमीट्री रॉबर्ट्ससुद्धा डिव्हिजन टूमधल्या छोट्या कॉलेजातून, त्याच प्रशिक्षकामागून आलेला. दार बंद असतं तर तो सामना झालाच नसता. तेव्हा दार उघडं असावं. ते कधी उघडतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढंच मी विचारतो आहे.

किंमत छोटे संघ मोजतात. माझा एक मित्र जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहतो. 2022 मध्ये सेंट पीटर्सने केंटकीला, मग मरे स्टेटला आणि मग आम्हाला हरवलं, तेव्हा त्याने मला फोनवर रस्त्यावरचा जल्लोष ऐकवला होता. मी हरलेला, तरी ऐकत राहिलो. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत जाण्याची ती पहिलीच वेळ. काही आठवड्यांत प्रशिक्षक गेले, डग एडर्ट, केसी नदेफो, डॅरिल बँक्स अशी पोरं वेगवेगळ्या कॉलेजांना गेली. त्या शहराला त्यांचं पुढचं वर्ष मिळालंच नाही. 2018 च्या व्हर्जिनियाला ते मिळालं, 2023 च्या पर्ड्यूला मिळालं, कारण आम्ही मोठे आहोत. आणि यंदा, 2025 मध्ये, शेवटच्या सोळांतले सोळाही संघ चार बड्या परिषदांचे (म्हणजे विद्यापीठांच्या क्रीडागटांचे) होते, शेवटचे चारही पहिल्या मानांकनाचे. एका वर्षावरून कायमचा निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. पण छोट्या कॉलेजाने दोन-तीन वर्षं घडवलेला मुलगा मोठ्या कॉलेजात जातो, आणि घडवणाऱ्याच्या हाती काही पडत नाही, हे तर दरवर्षीचं आहे.

किंमत चांगले प्रशिक्षकही मोजतात. टोनी बेनेट यांनी गेल्या ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर आला असताना, वयाच्या 55 व्या वर्षी व्हर्जिनिया सोडलं. मुलांना पैसे मिळणं योग्यच आहे, पण या नव्या वातावरणात काम करायला आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बायकोने ती पत्रकार परिषद पूर्ण पाहिली आणि टीव्ही बंद करून बराच वेळ तशीच बसून राहिली. संघ त्या हंगामात 15 सामने जिंकला, 17 हरला. आता तिथे रायन ओडम आले आहेत, म्हणजे 2018 मध्ये यूएमबीसीला घेऊन ज्यांनी व्हर्जिनियाला हरवलं तेच. त्यांना आमच्या घरातून मनापासून शुभेच्छा आहेत. पण जुन्या संघातली बरीच पोरं निघून गेली, आणि यंदा बायकोला नावं पहिल्यापासून पाठ करायची आहेत.

म्हणून माझ्या मागण्या. एक, पोर्टल शेवटचा सामना संपेपर्यंत उघडू नये. यासाठी न्यायालयाची परवानगी लागत नाही, कुणाचा हक्क जात नाही, फक्त दिनदर्शिकेवरची तारीख हलवायची आहे. 2024 मध्ये तर तुम्ही स्पर्धेचे गट जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते उघडलंत. एखादा विद्यार्थी वार्षिक परीक्षेचे पेपर देत असताना त्याच्या बाकावर दुसऱ्या कॉलेजचा प्रवेश अर्ज आणून ठेवण्यासारखं आहे हे. दोन, छोट्या कॉलेजातून घडलेला खेळाडू मोठ्या कॉलेजात गेला तर त्या मोठ्या कॉलेजाने आधीच्याला काही रक्कम द्यावी. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तरुण खेळाडू घडवणाऱ्या क्लबला असा मोबदला मिळतो. तो खेळाडूच्या पैशातून कापू नका, स्पर्धेच्या उत्पन्नातून द्या. तीन, जो मुलगा एकाच विद्यापीठात राहून पदवी पूर्ण करतो त्याच्यासाठी खेळाडूंना वाटायच्या पैशात काही भाग राखून ठेवता आला तर बघा. जाणाऱ्याला शिक्षा नको, राहणाऱ्याची कदर व्हावी. तिसऱ्या मागणीत कायद्याच्या अडचणी असतील हे मी मान्य करतो, दुसरीला वेळ लागेल. पहिलीला एक बैठक पुरेशी आहे.

बेकर साहेब, तुम्ही स्वतः हार्वर्डसाठी बास्केटबॉल खेळलेले आहात. सहकाऱ्याशेजारी वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्मिथ, लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघंही येत्या हंगामात पर्ड्यूसाठीच खेळणार आहेत. फेअरले डिकिन्सनच्या रात्री तिघंही त्या संघात होते, कनेक्टिकटच्या रात्रीही, आणि ल्युकस ऑइलमधून 28 मार्चला मान खाली घालून बाहेर पडलेल्यांतही. स्मिथ इथून पंधरा मिनिटांवरच्या वेस्टफील्डचा. आज आषाढ लागला, गावाकडे पालख्या वाटेवर आहेत, आणि आमच्या घरात मात्र नोव्हेंबरचे दिवस मोजणं सुरू आहे. 2026 ची अंतिम फेरी पुन्हा ल्युकस ऑइल स्टेडियममध्येच आहे. शेवटचा सामना सोमवारी, 6 एप्रिलला.

पोर्टल मंगळवारी, 7 एप्रिलला उघडा. त्याच्या आधी एक दिवसही नको.

आपला,
पर्ड्यूचा एक माजी विद्यार्थी